पांढऱ्या फळीवरचा पाय

नवरा जहाजावर असताना तो मेल्याची बातमी आमच्या आळीत पसरली. ती कोणी आणली नव्हती. तार आली नव्हती, कोणाला निरोप आला नव्हता. ती आमच्या घराच्या सजावटीवरून निघाली.

आमचं घर तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या आळीत शेवटचं. त्याच्यापुढे बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या, मग वाळू, मग समुद्र. दारातून वीजकेंद्र दिसायचं आणि घरातली वीज रोज जायची. बाहेरची खोली मी मांडली होती. पोपटी भिंती, काचेच्या शोकेसात स्टीलची भांडी, देवांची कॅलेंडरं, प्लास्टिकची फुलं, खिडकीला फुलाफुलांचे पडदे आणि समोर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. मला ती खोली चांगली वाटायची. अजून वाटते.

नवरा परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी होता. एका वर्षी त्याचं जहाज दुरुस्तीसाठी नॉर्वेच्या एका बंदरात अख्खा हिवाळा अडकलं. तिथल्या लोकांनी खलाशांना आपापल्या घरी ठेवून घेतलं. हा एका म्हातारीकडे राहिला. तिथून घरी आला तेव्हा सामानात घोंगडीत गुंडाळलेला एक पितळी दिवा होता. काचेचा, रॉकेलवर चालणारा.

"एवढंच?" सासूने विचारलं.

"एवढंच."

"लोकांची पोरं टेपरेकॉर्डर आणतात. तू कंदील आणलास. आमच्याकडं कंदील नव्हते?"

तो हसला नाही. पूर्वी हसला असता. खोलीत बसून भिंती बघत राहायचा. एके दिवशी म्हणाला, "आपल्या घरात डोळा टेकायला जागा नाय."

त्याला घर त्या म्हातारीच्या घरासारखं करायचं होतं. जमीन लाकडाची आणि पांढरी. भिंती पांढऱ्या. सामान जवळजवळ नाहीच. असेल ते बिनपॉलिशच्या फिक्या लाकडाचं, नक्षी नसलेलं. खिडकी मोठी आणि पडदा नाही. तिकडे हिवाळ्यात सूर्य नावाला येतो, म्हणून असेल तेवढा उजेड घरात पुरवून वापरतात, असं त्याने समजावून सांगितलं.

"आपल्याला उन्हाचा दुष्काळ हाय का?" सासू म्हणाली.

लाकूड आणायला मी त्याच्याबरोबर बोईसरला गेले. तिथल्या कारखान्यांना परदेशातून यंत्रं यायची ती लाकडी खोक्यांतून. खोकी फोडली की फळ्या भंगारवाल्याकडे जायच्या. भंगारवाला म्हणाला, "भाई, ये तो जलाने का माल है. होटलवाले भट्टी के लिए ले जाते हैं." नवऱ्याने एक फळी उचलून नाकाला लावली. मग दुसरी. "हेच ते," मला म्हणाला. "त्याच झाडाचं." काही फळ्यांवर काळी परकी अक्षरं होती, काहींवर डांबराचे आणि तेलाचे डाग होते. त्याला त्याचं काही नव्हतं. रंगाखाली झाकतील म्हणाला.

"मनोरला साग मिळतो," सासू टेम्पोतून उतरणाऱ्या फळ्यांकडे बघून म्हणाली, "आणि ह्यानं खोक्याची फळकुटं आणलीन."

जवळच्या पाम गावचा एक सुतार बोलावला. बुटका, बडबड्या माणूस. त्याने फळी हातात धरून विचारलं, "कोणासाठी पेटी बनवायची काय? किरिस्तावांची असते तशी?" सासूने त्याला दोन दिवस चहा दिला नाही.

पण काम चांगलं झालं. जुन्या कोब्यावर फळ्या बसवल्या, सांधा हाताला लागत नव्हता. समुद्राकडची भिंत फोडून जवळजवळ जमिनीपर्यंत काचेची खिडकी केली. पोपटी रंग गेला. शोकेस, भांडी, फुलं, कॅलेंडरं मागच्या पडवीत गेली. सासऱ्यांचा फोटो उतरवताना सासू आडवी आली.

"बापाला कुठं नेतोस?"

"पडवीत. हार मी ताजा घालीन."

"जन्मभर होडीत झोपला, आता मेल्यावर पडवीत."

तरी फोटो गेला. देव तेवढे हलले नाहीत. ते स्वयंपाकघरात होते आणि सासू त्यांच्यासमोर बसून राहिली होती.

शेवटी नवऱ्याने जमिनीला पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. खोलीत उरलं काय, तर एक मेज, दोन खुर्च्या, आणि खिडकीच्या काचेशी, जमिनीवर ठेवलेल्या बसक्या पाटावर तो पितळी दिवा. आळीतले लोक दाराशी येऊन बघून जायचे. आत कोणी येत नसे. "बसा" म्हटलं तर "कशावर?" विचारायचे.

अक्षय तृतीयेनंतर त्याला पुन्हा जहाजावरून बोलावणं आलं. निघताना म्हणाला, "दिवा रोज सांजच्याला लाव. मी येईपर्यंत."

"कशाला?"

"तिकडं लावतात."

मी पुढे विचारलं नाही. मासळी विकायची, घर बघायचं, त्यात एक दिवा लावणं जड नव्हतं.

त्या खोलीबद्दल एक सांगते. रिकामी खोली म्हटली की शांत असेल असं वाटतं. ती नव्हती. पूर्वी भांड्यांत, पडद्यांत समुद्राचा आवाज मुरून जायचा. आता तो सरळ आत येऊन भिंतींवरून फिरायचा. आणि भर दुपारी, ऊन काचेतून फळ्यांवर पडलं, की फळ्या वाजायच्या. एक खिडकीपाशी वाजायची. थोड्या वेळाने तिच्या पुढची. मग तिच्या पुढची. मी पडवीत जाळी विणत बसलेली असले तर मान वर करून बघायची. पांढरी जमीन, पांढरी भिंत, पाण्याची तिरीप छतावर हलतेय, आणि कोणी नाही. लाकूड तापलं की फुगतं, हे मला कळत होतं. पण ते खिडकीकडून आतच का वाजत यायचं, आतून खिडकीकडे का नाही, ते कळत नव्हतं. सासूने दुपारचं त्या खोलीतून जाणं सोडलं. घराला वळसा घालून मागच्या दाराने यायची.

पाऊस सुरू झाला. होड्या ओढून वर घेतल्या. दमट हवेत जमिनीचा रंग नरम पडला, पाय ठेवला की किंचित चिकटायचा. अशात एका संध्याकाळी एडवणहून नवऱ्याची आते आली. तिला घरातल्या बदलाचं काही माहीत नव्हतं. मी नुकताच दिवा लावून मागे गेले होते. आते पुढच्या दारात उभी राहिली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिने हंबरडा फोडला.

तिची चूक नव्हती. आमच्यात माणूस गेला की ज्या खोलीत गेला ती रिकामी करतात. जमिनीवर दिवा ठेवतात, तो तेवत ठेवतात. दिव्याभोवती पीठ पसरतात. त्या पिठावर सकाळी कसला पाय उमटतो ते बघतात. पाखराचा उमटला तर गेलेला पाखराच्या जन्माला गेला, असं मानतात. आतेने बघितलं तर खोली ओस, सासऱ्यांचा फोटोसुद्धा नाही, जमिनीवर एकच दिवा, आणि भोवती पांढरंच पांढरं. आमची अख्खी खोली पिठाची झाली होती. दिवा बघून नवऱ्याला "हे कशासारखं दिसतं" असं आमच्यातल्या कोणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं. तोंडाने काढलं नव्हतं.

"माझ्या लेकरा, मला कळवलंसुद्धा नाय गो कोणी!" आते छाती बडवत होती. आळी गोळा झाली. बायका तिला धरून रडायला लागल्या, मग एकमेकींना विचारायला लागल्या, "पण झालं काय?" मी मागून हात पुसत आले.

"कोण गेलं?" मी विचारलं.

आते माझ्या कपाळाकडे बघत राहिली. कुंकू होतं. बांगड्या होत्या. तिचं रडणं थांबलं, उचकी तेवढी राहिली. "मग हा दिवा कसला?" म्हणाली.

"शोभेचा."

एकदोघी हसल्या. आतेने चहा घेतला, मला चार शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. सासू मात्र हसली नाही. "रडणं घरात येऊन गेलं," एवढंच म्हणाली. "उगाच येत नाय."

त्यानंतर नवऱ्याचा निरोप येईना. एरवी आळीतला कोणी ना कोणी मुंबईहून खुशाली घेऊन यायचा, कधी त्याची चार ओळींची चिठ्ठी यायची. आता आषाढ गेला, श्रावण लागला, काही नाही. मुंबईला जहाजाच्या कचेरीत कोणाला पाठवलं तर "जहाजाशी संपर्क नाही" असं उत्तर मिळालं. ते उत्तर आळीत पोचेपर्यंत "जहाज नाही" असं झालं होतं.

आणि मग जमिनीवर पाय उमटला.

एकदम नाही उमटला. आधी खिडकीजवळ पिवळट डाग दिसला. मी तो ओल्या फडक्याने पुसला, गेला नाही. काही दिवसांनी त्याला टाच आली. मग एका दुपारी सासूने हाक मारली. ती खोलीत नव्हती, बाहेरून काचेतून आत बघत उभी होती. मी जाऊन बघितलं. माणसाचा उजवा पाय, अनवाणी. टाच खिडकीकडे, पाची बोटं खोलीच्या आत. काळपट, रंगाच्या आतून वर आल्यासारखा. एकच पाय. पुढे नाही, मागे नाही.

"आला होता," सासू म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मासळी संपली म्हणावं तसा.

"आई, डाग हाय तो."

"माझ्या पोराचा पाय मला वळखू येत नाय?"

त्या दिवसापासून तिने जेवण जवळजवळ सोडलं. तिला पोरगा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. समुद्रात गेलेल्याचं प्रेत मिळत नाही. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, दहावं करतात. ते केलं नाही तर गेलेला माणूस दाराशी येत राहतो, आत येता येत नाही, परत जाता येत नाही. "तो दारात उभा हाय आणि आपण इकडं जेवतो," असं ती म्हणायची. तिने भटजींना विचारून ठेवलं. दर्भ आणून ठेवले. आळीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, नारळी पुनवेपर्यंत वाट बघायची.

माझा प्रश्न सोपा होता. पुतळा जळला की मी विधवा. तो जिवंत असला तरी.

पुनव झाली. समुद्राला नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वडीलधारे आमच्या अंगणात येऊन बसले. एडवणची आते आली होती, आता खरं रडायला. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "उतरव गो बांगड्या. फोडताना हाताला लागतं."

"माझ्या मी घातल्या, मीच उतरवीन," मी म्हटलं. "आधी मला एक बघू दे."

मी मासे कापायचा कोयता घेतला आणि त्या पांढऱ्या खोलीत गेले. सगळे दारात येऊन उभे राहिले. आत कोणी येईना. मी त्या पावलापाशी बसले आणि टाचेवरचा रंग खरवडायला लागले. सासू ओरडली, "अगो, त्याच्या पायावर कोयता चालवतेस?" मी थांबले नाही. रंगाचा पहिला हात निघाला. दुसरा निघाला. खाली कोरं लाकूड लागलं, आणि टाच तिथेही होती. उलट जास्त काळी. डांबरात भरलेला पाय त्या फळीवर कधीतरी पडला होता आणि लाकडात मुरला होता.

"या, बघा," मी दारातल्यांना म्हटलं. "हा रंगाच्या खालचा हाय. रंग त्याने स्वतः मारला, मग तो गेला. म्हणजे हा पाय तो जायच्या आधीचा. तो मेला म्हणून आला असं कसं म्हणता?"

वडीलधाऱ्यांतला एकजण आत आला, वाकला, बोटाने चाचपून म्हणाला, "बरोबर हाय तिचं. लाकडातलाच हाय." मग त्याने ते बोट धोतराला पुसलं. दोनदा पुसलं. पुतळ्याचं दिवाळीनंतर बघू असं ठरलं. आतेला उगाच आल्यासारखं झालं. संध्याकाळी सासूने स्वतः दिव्यात रॉकेल घातलं.

मी त्या दिवशी जिंकले खरी. पण खरवडताना एक गोष्ट झाली होती ती मी कोणाला सांगितली नाही. मी पाऊस नसलेल्या दिवशी, कोरड्या सकाळी खरवडत होते, आणि लाकडाचा जो भुगा कोयत्यावर आला तो ओला होता. जिभेला लावून बघितला. खारट होता. आमच्या हवेत सगळंच खारट होतं म्हणा.

दिवाळी झाल्यावर नवरा आला. बोईसरहून एसटीने, संध्याकाळी, दिवेलागणीला. त्याला पहिल्यांदा बघणारी बाई टोपली टाकून पळाली. त्याचं जहाज कुठल्याशा बंदरात मालकांच्या भांडणात अडकवून ठेवलं होतं, कोणाला उतरू देत नव्हते, पत्र टाकू देत नव्हते. बाकी त्याला काही झालं नव्हतं. वाळला होता.

सासूने त्याला दारातच अडवलं.

"बूट काढ."

"आई, आत तर येऊ दे."

"बूट काढ आणि त्या पायावर पाय ठेव."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी फळी दाखवली. टाचेपाशी खरवडलेलं, पुढे बोटं तशीच. त्याने बूट काढले आणि उजवा पाय त्या खुणेवर ठेवला. त्याचा पाय आत मावला. पुढे बोटांची खूण अंगठाभर बाहेर राहिली.

"माझा नाय," तो म्हणाला.

"सुताराचा असंल," मी म्हटलं. बोलता बोलताच मला तो बुटका सुतार आठवला. त्याचा पाय एवढा मोठा नसणार.

नवरा उकिडवा बसून फळी बघत होता. "तिकडूनच आला असंल फळीबरोबर. खोकी बांधणाऱ्यांतल्या कोणाचा." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पण त्या थंडीत कामावर अनवाणी कोण फिरतं?"

सासू दिव्याकडे बघत होती. "हा दिवा कोणाचा रं?" तिने विचारलं.

मग त्याने सांगितलं. त्या म्हातारीला एकच मुलगा होता. छोटी होडी घेऊन मासे मारायला गेला तो आला नाही. प्रेत मिळालं नाही. म्हातारी रोज संध्याकाळी खिडकीत हा दिवा लावायची. वर्षानुवर्षं. नवऱ्याचं जहाज निघायच्या दिवशी तिने दिव्याची काच पुसली आणि दिवा त्याच्या हातात दिला.

"आणि हे तू आता सांगतोस?" मी म्हटलं.

"तेव्हा सांगितलं असतं तर आईने घरात घेतला असता का?"

मला वाटलं सासू आता दिवा समुद्रात फेकेल. ती पाटाशी बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्याचं कोणी काय केलंच नाय." जरा थांबून म्हणाली, "आणि आपण त्याला रोज बोलावतोय."

दर्भ घरात होतेच. भटजी म्हणाले, नाव नाही, गोत्र नाही, धर्म कुठला ते माहीत नाही, मला जमणार नाही. "तुमाला नाय जमत तर आमी करू," सासू म्हणाली. तिने स्वतः दर्भ बांधून पुतळा केला. खाडीच्या तोंडाशी सकाळी जाऊन नवऱ्याने त्याला अग्नी दिला. भाताचा पिंड ठेवला. त्यावर सासूने तळलेल्या बोंबलाचा तुकडा ठेवला, मासे मारणाऱ्याचं पोर म्हणून.

आमच्याकडचे कावळे काय आहेत ते मच्छी वाळवणाऱ्यालाच माहीत. हातातला मासा नेतात. त्या सकाळी ते वलांड्यांवर ओळीने बसून होते आणि एकही खाली येईना. ऊन चढलं. बोंबील सुकायला लागला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मग घरचे लोक सांगतात, तुझी आई आम्ही बघू, तुझी पोरं आम्ही बघू. सासूने हात जोडून सांगितलं, "पोरा, घे रं. आता तुझं घर हाय तिकडं जा." कावळे बघत राहिले.

"त्याला आपली भाषा कशी कळंल?" मी म्हटलं. मी चेष्टेने म्हटलं नव्हतं.

नवऱ्याला त्या लोकांचे मोजके शब्द येत होते. तो पुढे झाला आणि पिंडासमोर वाकून काहीतरी बोलला. आखूड, खरखरीत शब्द. बोलून संपतो न संपतो तोच एक कावळा उतरला, त्याने बोंबील बाजूला सारला आणि भाताला चोच लावली.

घरी येताना मी विचारलं, "काय बोललास?"

"म्हातारी रोज दारात म्हणायची ते. दुसरं मला येत नाय."

"पण काय?"

"बूट काढ. आत ये. दार लाव."

मी चालता चालता थांबले. त्याला म्हटलं, आपण त्याला जा म्हणायला आलो होतो. तो वलांड्यांखालून पुढे चालत राहिला.

त्यानंतर दिवा लावला नाही. सासूने रॉकेल काढून, काच पुसून तो माळ्यावर ठेवला. शोकेस मी परत बाहेर आणली, सासऱ्यांचा फोटो जागेवर लावला. जमीन पांढरीच राहिली, ती उखडायला कोणी तयार झालं नाही. दुपारी फळ्या वाजायच्या थांबल्या. मी खरवडलेली जागा नवऱ्याने पुन्हा रंगवली, पावसाळ्यात पाय पुन्हा वर आला. त्या फळीवर आम्ही कोणी पाय देत नसू, आणि तिच्यावर सामानही ठेवत नसू. घरात एका माणसाची जागा सोडतात तशी ती सुटली.

सासू मरेपर्यंत म्हणायची, पुसट होतोय. मी ती जमीन रोज पुसायची. मला तसं काही दिसलं नाही.